चौथा ढीग

आमच्या मागच्या खोलीला खिडकी आहे, हे मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कळलं. मी त्याच घरात वाढले, त्याच खोलीतून रोज डब्यातली डाळ काढून आणली, पण खिडकी कधी पाहिली नव्हती. आतल्या बाजूने तिच्यापुढे पोत्यांची थप्पी होती, थप्पीवर लोखंडी पेट्या आणि पेट्यांवर वाकळा. बाहेरच्या बाजूने कुणीतरी कधीकाळी पत्रा ठोकला होता आणि त्याला टेकवून तुराट्या रचल्या होत्या. मिस्त्री बाहेरून गिलावा करायला आले, त्यांनी तुराट्या बाजूला केल्या, पत्रा उचकटला आणि बाबांना हाक मारून म्हणाले, "भाऊ, इथं तर खिडकी हाय की."

बाबासुद्धा बघायला गेले. त्यांना ती आठवत होती, पण विसरल्यासारखी आठवत होती. मी मात्र धावतच गेले. जुन्या लाकडी चौकटीला तीन गज होते आणि आत पोत्याचा सुतळीने शिवलेला काठ दिसत होता. मी त्या गजांना हात लावला आणि तिथेच ठरवलं की ही खोली मला पाहिजे.

पुसेगावच्या पुढे, रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. त्या वर्षी घराचं काम निघालं होतं. पुढच्या दोन खोल्यांवरचे पत्रे काढून स्लॅब टाकला होता. मागच्या खोलीचे पत्रे तसेच राहणार होते, पण भिंतींना गिलावा आणि खाली फरशी होणार होती. दोन महिने आम्ही घरात नव्हतो आणि घराबाहेरही नव्हतो. चूल अंगणात, गॅस ओसरीत, कपडे दोरीवर, आणि माझी पुस्तकं एका खताच्या पिशवीत. ती पिशवी मी जिथे जाईन तिथे नेत असे. हिंगोलीला कॉलेजात जायच्या जीपमध्ये पुढची जागा मिळाली तर तिथे वाचायचे. न मिळाली तर दोन बायकांच्या मधे, कुणाच्या तरी मेथीच्या गड्डीवर पुस्तक टेकवून. घरी आलं की फरशी कापायच्या मशीनचा आवाज सुरू. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, त्यामुळे अभ्यासाला जागा लागते ही गोष्टच घरात कुणाला माहीत नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती. ती खिडकी दिसल्यावर कळली.

बाबांना मी कसंबसं विचारलं. मला मागायची सवय नाही. अर्धं वाक्य बोलून मी गप्प झाले. ते हसले. ती कोठीची खोली होती, आणि कोठीशिवाय घर म्हणजे खिशाशिवाय सदरा, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ती रिकामी होईल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. त्यांच्या लग्नानंतर ती कधी रिकामी झालेली नव्हती. पण स्लॅब नीट पडला म्हणून ते त्या आठवड्यात खुशीत होते.

"असं कर," ते म्हणाले, "मिस्त्री तिथल्या फरशीचा माल कालवायच्या आत खोली रिकामी झाली तर तुही. न्हाई झाली तर कोठीची कोठी. पोती मी जिन्याखाली लावतो, बाकीचं तू बघ."

मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, दोन दिवस सोडून तिसऱ्या सकाळी माल कालवणार. म्हणजे माझ्या हातात दोन दिवस होते. मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहिणार होते, पण लागली. सकाळी मात्र मी सगळ्यांच्या आधी उठले.

मोबाईलवर मी घर आवरायचे व्हिडिओ पाहिले होते. त्यातली घरं आमच्यासारखी नसायची. तिथे एका कपाटातून वीस शर्ट निघायचे आणि पोतं एकही नसायचं. पण एक गोष्ट मला पटली होती, ती म्हणजे तीन ढीग करायचे. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. मी अंगणात, वाळूच्या ढिगापलीकडे, खडूने तीन गोल काढले आणि खोलीतून एकेक वस्तू आणून गोलात टाकू लागले.

काय काय निघालं. मोटर गेलेला कूलर. फवारणीचे दोन पंप, त्यातल्या एकाला पट्टा नाही. तुषार सिंचनाच्या पाइपांचे तुटलेले नोझल, एक बादलीभर. कुठल्या कुठल्या लग्नांत आहेरात मिळालेल्या टोप्या आणि टॉवेल, अजून घडी न मोडलेले. बाबा टोपी घालत नाहीत, पण ते लग्नाला गेले की टोपी मिळते आणि आमच्याकडे लग्न असलं की तीच टोपी दुसऱ्याला जाते. त्या टोप्या माझ्यापेक्षा जास्त गावं फिरलेल्या असतील. वाकळांमध्ये एक इतकी जुनी होती की तिच्यातलं कापड कुणाच्या लुगड्याचं ते आईलाही सांगता येईना.

दुपारपर्यंत मी घामाने आणि धुळीने काळी झाले होते आणि फार आनंदात होते. खोलीचा मागचा कोपरा दिसायला लागला होता. मग मी पाणी प्यायला म्हणून गेले, परत आले तर टाकायच्या ढिगातून नोझलची बादली गायब.

बाबांनी ती उचलून गोठ्यात ठेवली होती. त्यांचं म्हणणं, यातले निम्मे कामाचे आहेत. कुठले निम्मे, ते त्यांना सांगता आलं नाही. तेवढ्यात आई शेतावरून भाकरी घ्यायला आली आणि द्यायच्या ढिगातून तीन टॉवेल काढून तिने ठेवायच्या ढिगात टाकले, जाता जाता, जणू अंगणातली काडी उचलावी तसे. कूलर मिस्त्रींच्या माणसाने पाहिला आणि त्याच्या जाळीवर वाळू चाळता येईल म्हणून घेतला, म्हणजे तोही अंगणातच राहिला. संध्याकाळी पाहते तर तिन्ही ढीग हळूहळू घराकडे चालू लागले होते. माणसं झोपायला जातात तसे.

मी ओट्यावर बसले. वाईट वाटलं, पण रडू वगैरे आलं नाही, कारण तेवढ्यात माझं लक्ष चौथ्या ढिगाकडे गेलं.

हा ढीग मी काढलेल्या गोलांत नव्हता. तो आपोआप झाला होता. खोलीत फळीवर, फळीखाली, पेटीमागे जी भांडी होती ती धुवायची म्हणून मी हौदाजवळ ठेवत गेले होते. डेचक्या, तपेली, दोन पराती, झाकण्या, एक मोठा गंज, पितळी तांबे. पुसता पुसता त्यांच्या काठावरची कोरलेली नावं वाचली तर त्यांत आमचं नाव फार थोड्यांवर होतं. बाकी सगळी लोकांची. समोरच्या काकूंची, पाण्याच्या टाकीजवळच्या आजीची, गल्लीतल्या आणखी बऱ्याच घरांची. कुणाचं सणाचं वाण आलेलं, कुणाकडून लग्नाच्या वेळी मागून आणलेलं, आणि राहून गेलेलं.

मी उठून उभीच राहिले. बाकीच्या तीन ढिगांतल्या वस्तू घरात परत जात होत्या, कारण त्या आमच्या होत्या आणि आमच्या वस्तूवर आमच्यापैकी कुणाचा ना कुणाचा जीव होता. या ढिगातलं काही बाबा कामाचं म्हणून उचलू शकत नव्हते आणि आई जाता जाता हलवू शकत नव्हती. ते आमचं नव्हतंच. आणि पोती सोडली तर खोलीतली सगळ्यात जास्त जागा याच भांड्यांनी खाल्ली होती. मला इतका आनंद झाला की मी हौदाजवळ एकटीच हसले.

दुसऱ्या दिवशीही कॉलेजला दांडी मारली. बाबा पोती आणि ढिगांतलं उरलेलं जिन्याखाली लावून गेले होते, आई हरभरा उपटायला गेली होती. राख आणि लिंबाची साल घेऊन मी सगळी भांडी घासली. पितळेचा तांबा तर असा निघाला की त्यात माझं तोंड दिसलं, मोठ्या नाकाचं. मग मिस्त्रींचं एक घमेलं मागून घेतलं, मावतील तेवढी भांडी त्यात रचली आणि गल्लीत निघाले. घमेलं परत स्वच्छ मिळालं पाहिजे, एवढंच मिस्त्री म्हणाले.

पहिल्यांदा टाकीजवळच्या आजीकडे गेले. आजी दारातच बोरं निवडत होत्या. मी तपेलं पुढे केलं. त्यांनी ते उलटं करून नाव पाहिलं, मग सुलटं करून आत पाहिलं. आत काय आहे म्हणून मला विचारलं. काही नाही आजी, तुमचंच आहे, परत आणलं, असं मी सांगितलं.

"ते दिसून राहिलं," आजी म्हणाल्या, आणि पुन्हा बोरं निवडू लागल्या. एरवी त्या बस म्हणतात, चहा घे म्हणतात, कॉलेजात जेवायला काय देतात विचारतात. मला घाई होती, म्हणून मला ते बरंच वाटलं.

समोरच्या काकू जिभेच्या तिखट आहेत. गल्लीत कुणाचं नवीन काही झालं की त्याला नाव ठेवणं हे काम त्या मनापासून करतात. त्यांनी डेचकी घेतली, मान वाकडी करून आमच्या स्लॅबकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घर पक्कं झालं, आता आमची डेचकी जड होऊन राहिली व्हय तुमाला?"

मी हसले. काकूंची नेहमीची थट्टा असेल असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत हे मी पाहिलं, पण ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. डोक्यात टेबल होतं, खिडकीखाली ते किती मावेल याचं माप होतं. एका वहिनीने तर परात हातात घेऊन दाराआड जाऊन सासूशी काहीतरी कुजबुज केली. मी तोवर पुढच्या दारात. अशा चार-पाच फेऱ्या करत दुपार टळायच्या आत घमेलं शेवटचं रिकामं झालं. ते मी धुऊन मिस्त्रींना परत दिलं. खोलीत आता फक्त दोन पेट्या उरल्या होत्या. मी भिंतीला पाठ लावून खाली मातीवर बसले. खिडकीतून उजेड सरळ माझ्या पायावर येत होता. त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसले होते. आजवर तिथे बसायला जागाच नव्हती.

आई संध्याकाळी आली ती गप्प. येताना टाकीवर हात-पाय धुवायला थांबली होती, तिथे बायका होत्या आणि तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. तिला कारण कळेना. तिने खोली पाहिली आणि तिचा चेहरा थोडा उजळला. दारात उभी राहून तिने वर पत्र्यापर्यंत नजर फिरवली. मग तिने विचारलं, भांडी कुठे आहेत. मी सगळं सांगितलं, किती घासली, कशी चमकली, कुणाकुणाला दिली.

तिने मला मधेच थांबवलं. "आत काय घातलंस?"

काही नाही, असं मी सांगितलं.

आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत जात नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चिमूटभर साखर, दोन पेरू, मूठभर शेंगा, काहीतरी घालतात. लहानपणी मीच ती नेऊन दिली आहेत. पण ते कालपरवा आलेल्या भांड्याचं, असं मी मनात धरलं होतं. इतक्या वर्षांच्या भांड्यांना ते कशाला लागू होईल. आणि मी ती इतकी घासली होती, की त्यातच सगळं आलं असं मला वाटलं. मला जे ठाऊक नव्हतं ते आईने खाली बसून सांगितलं. आमच्या गल्लीत ज्या घराशी बोलणं बंद करायचं असतं, त्या घरचं भांडं रिकामं परत पाठवतात. तोंडाने भांडायची गरज पडत नाही. मी एका दुपारीत सगळ्या गल्लीशी बोलणं बंद करून आले होते, आणि तेही स्लॅब पडल्याच्या आठवड्यात.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं मला वाटलं. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, की तिच्या बाळंतपणात, माझ्याच वेळी, समोरच्या काकूंनी त्याच डेचकीतून सव्वा महिना अळिवाची खीर आणली होती. ती डेचकी मुद्दाम परत केली नव्हती. काकूंच्या सुनेची वेळ येईल तेव्हा ती खीर घालून जाणार होती. प्रत्येक भांड्याचं असं काही नव्हतं म्हणा. काही नुसतीच राहिली होती. मी विचारलं, आणि त्या वहिनीची परात?

आईने जरा थांबून कबूल केलं, "ती गेली ते बरं झालं. दर दिवाळीला ती घासून माहे हात गळून जायचे."

आम्ही दोघी हसलो. पण मग तिने जे सांगितलं त्याने माझं हसू गेलं. सकाळी उठून सगळी भांडी परत मागून आणायची. ती आपल्या घरी होती तशीच राहू द्यायची. मिस्त्री सकाळीच माल कालवणार आहेत, मग खोलीचं काय, असं मी विचारलं. खोलीचं मग बघू, असं ती म्हणाली. आमच्या घरात मग बघू याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

मला काकूंची खीर एकीकडे दिसत होती आणि खिडकी एकीकडे. कुठलंच सोडवेना.

सकाळी आम्ही निघायच्या आधीच समोरच्या काकू आल्या. हातात तीच डेचकी, वर झाकण. त्या ओसरीतून थेट मागच्या खोलीत शिरल्या, कारण अंगणात वाळू, ओसरीत फरशीचे बॉक्स, घरात टेकायला दुसरी जागा नव्हती. डेचकी खाली ठेवून त्या आईला म्हणाल्या, "आमच्याकून काही चुकलं असंल तर तोंडावर सांगा. भांड्यातून सांगू नका."

झाकण काढलं तर आत हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, वरून लसणाची फोडणी घातलेली. आईने त्यांचा हात धरला आणि काय झालं ते सांगू लागली. ते सांगून पुरं व्हायच्या आत टाकीजवळच्या आजी आल्या, तपेल्यात शेंगदाण्याचं तिखट घेऊन. मग वहिनी आणि तिची सासू, परातीत शेवया. मग आणखी एक, मग आणखी दोघी. सगळ्यांनी रात्रीतून एकच विचार केला होता, की हे घर आपल्यावर रुसलंय, तर भांडं भरून परत न्यावं. आमची दोन-चार भांडी, जी त्यांच्याकडे पडून होती, तीही भरून आली. बोरं, चिंचेचा गोळा, लोणचं, पापड्या. खोली भरली. मी रिकामी केली होती त्यापेक्षा जास्त भरली, आणि त्यात बायकाही होत्या.

बाबा दारात आले. त्यांनी एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे. "झाली की कोठी," ते म्हणाले. त्यांना हसू येत होतं आणि माझी दयाही येत होती, दोन्ही मला दिसलं.

बाहेर मिस्त्रींनी सिमेंटची गोणी फोडली. वाळूवर फावडं घासल्याचा आवाज आला. अजून पाणी घातलं नव्हतं. त्यांनी बाहेरूनच आईला हाक दिली, "वहिनी, तुमचं हळदीकुंकू उरकून राहिलं का? पाणी घातलं की माल थांबत न्हाई."

आई बायकांना समजावून सांगत होती की चूक पोरीची झाली, रुसवा-फुगवा काही नाही. बायकांनी ते मान्य केलं, पण आता पंचाईत अशी की भरलेली भांडी आली होती. ती ठेवून घ्यावीत तर खोली गेली. रिकामी करून परत द्यावीत तर पुन्हा तोच अबोला. भरून द्यावीत तर इतक्या घरांना पुरेल एवढं अंगणातल्या चुलीवर कोण करणार. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. मी आजीचं तपेलं बघत होते आणि त्याच्या शेजारची काकूंची डेचकी बघत होते. मला काहीतरी सुचलं होतं, पण इतक्या मोठ्या बायकांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. फावड्याचा आवाज थांबला. म्हणजे आता पाणी.

"काकू," मी म्हणाले, "आजीचं तिखट तुमच्या डेचकीत घातलं तर तुमची डेचकी भरलेलीच जाईल ना?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "आन माही भाजी?"

"ती आजीच्या तपेल्यात. शेवया लोणच्यावाल्या मावशींच्या डब्यात. बोरं परातीत. कुणाचंच भांडं रिकामं जात न्हाई. आमची दोन-चार ओसरीत गेली की इथं काही राहत न्हाई."

बायकांनी एकमेकींच्या भांड्यांत डोकावून बघितलं. मग काकूंनीच खोट काढली, आणि ती बरोबर होती. "मंग तुमच्या घरून काय गेलं? आमचंच आमाला."

उत्तर आईकडे होतं. ती ओसरीत गेली आणि गुळाची ढेप घेऊन आली, जुन्या फडक्यात गुंडाळलेली. तिने मिस्त्रींचा हातोडा मागितला. मिस्त्री नाही म्हणायच्या आत तिने तो घेतलाही होता. ढेप फुटली. ती म्हणाली, प्रत्येक झाकणावर आमच्या घरचा गुळाचा खडा जाईल. चालेल का?

काकूंनी सगळ्यांच्या वतीने विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "चालंल. बी.ए.ला हाच इषय हाय वाटतं."

त्यानंतरची ती पाव तासाची धांदल मला अजून आठवते आणि हसू येतं. पळ्या कुणी आणल्या, कुठून आणल्या, कळलं नाही. भाजी तपेल्यात, तिखट डेचकीत. तिखट जास्त निघालं तर ते आणखी एका वाटीत. आजी ओरडत होत्या की त्यांच्या तिखटात लसणाचा वास लागू देऊ नका, आणि काकू म्हणत होत्या की लागला तर चव सुधारेल. वहिनीची परात पुन्हा आमच्याकडे राहते की काय म्हणून आई तिच्यावर लक्ष ठेवून होती. बोरं तिच्यात पहिल्यांदा तिनेच ओतली. मी झाकणांवर गूळ ठेवत होते, माझे हात चिकट झाले होते. एकेक बाई भांडं घेऊन निघाली. निघताना प्रत्येकीने खोलीकडे वळून बघितलं, मी तिथे काय करणार आहे असं विचारलं आणि अभ्यास हे उत्तर ऐकून मान डोलावली. पटलं की नाही, मला कळलं नाही. पेट्या बाबांनी आणि मिस्त्रींच्या माणसाने उचलल्या. बाबांना मी सांगितलं नव्हतं, ते आपणहून आले.

मिस्त्री पहिलं घमेलं घेऊन दारात आले तेव्हा खोलीत मी, झाडू आणि धूळ एवढंच होतं. ते दारातच थांबून म्हणाले, "सरक की." मी सरकले. बाबांनी ते बघितलं. संध्याकाळी त्यांनी त्या खोलीचं जुनं दार काढलं, कारण नवीन लोखंडी बसणार होतं, आणि ते दार विटांच्या दोन खांबांवर आडवं ठेवून हलवून बघत बसले. डगमगतंय का ते पाहत होते. ते माझं टेबल. कडी अजून त्याला आहे, वाचताना कोपर लागलं की वाजते.

फरशीवर पाय ठेवायला परवानगी मिळेपर्यंत मी रोज खिडकीच्या बाहेरून आत बघत असे. गिलावा वाळत होता तसा भिंतीचा रंग फिकट होत होता. मी आईला रंग कुठला द्यायचा ते विचारायला लागले होते. तिने सांगितलं, सध्या चुनाच. मला चुनाही चालणार होता. मला तेव्हा सगळंच चालणार होतं. कॉलेजात मैत्रिणीला मी खोलीचं इतकं वर्णन सांगितलं, की तिला वाटलं आम्ही दुसरं घर बांधलं.

पहिल्या दिवशी मी आत गेले ती फक्त पुस्तकांची पिशवी घेऊन. दुपारची वेळ. मिस्त्री समोरच्या जिन्याचं काम करत होते, पण त्यांचा आवाज भिंतीपलीकडून, बारीक होऊन येत होता. पुस्तक उघडलं आणि मृदेचे प्रकार वाचायला सुरुवात केली. मला मोठ्याने वाचल्याशिवाय लक्षात राहत नाही. माझा आवाज खोलीत घुमला. मी दचकून थांबले, मग पुन्हा एक ओळ वाचली, नुसता आवाज ऐकायला. घरात मला आपला आवाज असा कधी ऐकू आला नव्हता. मग मी सगळं पान वाचलं, भराभर, आणि पुढचं पान.

तेवढ्यात दारात सावली आली. समोरच्या काकू. हातात काही नव्हतं. त्या आत येऊन भिंतींकडे बघत उभ्या राहिल्या. कोपऱ्यात गेल्या, तिथून वळल्या.

"इथं तर काहीच न्हाई," त्या म्हणाल्या.

नाही, असं मी सांगितलं. फक्त पुस्तकं.

"काही ठेवणारबी न्हाई?"

मी मान हलवली. माझ्या मनात आलं ते सांगते. मला भीती वाटली. वस्तू गेल्या, आता माणसं येतील, आणि खोली तशीच भरून जाईल. आज काकू, उद्या आजी, परवा सगळ्या. मी पुस्तकात बोट घालून बसले होते. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. फरशी थंड आहे का ते तळव्याने पाहिलं. मग पदर डोक्याखाली घेऊन सरळ आडव्या झाल्या.

"घडीभर पडू दे, माय," त्या म्हणाल्या. आवाजात तिखट नव्हतं. "आमच्याकडं टीव्ही, गल्लीतली लेकरं, मोटरसायकल घरात. भिंतीला टेकावं म्हणलं तर भिंत सापडत न्हाई."

मी हो म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या पायांना शेतातली माती होती, टाचांच्या भेगांत हरभऱ्याच्या पाल्याची आंबट खार लागून त्या पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांना झोप लागावी म्हणून मी वाचणं बंद केलं आणि मनातल्या मनात वाचू लागले. जमत नव्हतं, पण प्रयत्न केला. खिडकीतून वारा येत होता. बाहेर रस्त्यावरून एक जीप पुसेगावकडे गेली.

काकूंनी डोळे न उघडताच विचारलं, "थांबलीस काहून?"

मी म्हणाले, तुम्हाला तकलीफ होईल म्हणून.

"वाच तू. मोठ्यानं वाच," त्या कुशीवर वळत म्हणाल्या. "तुह्या वाचण्यानं लई झ्याक झोप येऊन राहिली."

मी पान मागे उलटलं आणि काळ्या मातीपासून पुन्हा सुरुवात केली.